आउटबोर्डची खीळ कुठल्या भोकात ठेवायची? होडी उड्या मारतेय, मदत हवी आहे

खाडीकर:
नमस्कार मंडळी. देवबागला आमची 18 फुटी फायबरची होडी आहे. इंजिन आउटबोर्ड, म्हणजे मागच्या फळीला बाहेरून टांगायचं, 25 एचपी, टू-स्ट्रोक, हँडलवालं. बटण दाबून वरखाली होणारं नव्हे. ब्रॅकेटला भोकं आणि त्यातून आडवी खीळ, एवढंच. पावसाळ्यात उतरवून ठेवलं होतं, नारळी पौर्णिमेनंतर परत चढवलं आणि तेव्हापासून ताप सुरू झालाय.

कर्ली नदीचं पाणी अगदी शांत असलं तरी थ्रॉटल निम्म्याच्या वर नेला की नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, उठते, आपटते, पुन्हा उठते. बेडूकच जणू. मी आणि भाऊ दोघेच असलो की जास्त. चार माणसं पुढे बसली की थांबतं. वेगात वळलो की इंजिन एकदम किंचाळतं आणि होडीचा वेग मात्र पडतो. हँडल जरा सैल सोडलं तर उजवीकडे पळते ते वेगळंच. मेकॅनिक म्हणतो पंखा (प्रोपेलर) बदला. पंख्याची पाती तर शाबूत दिसतात. पैसे घालण्याआधी विचारावं म्हटलं.

जुना तांडेल:
खीळ खयच्या भोकात आसा ता आधी सांग. आणि पेट्रोलची टाकी खय ठेवतंस?

खाडीकर:
काका, पाच भोकं आहेत. होडीच्या मागच्या फळीकडून मोजलं तर चौथ्यात. आधी कितव्यात होती ते काढताना बघितलंच नाही, चूक माझी. टाकी मागे, माझ्या पायाशी.

मिऱ्याबंदर:
मग पंख्याला कशाला दोष देताय? खीळ फळीपासून जितकी लांब, तितका इंजिनाचा पाय (पाण्यातला खालचा भाग) मागे सरकतो आणि पंख्याचा जोर नाळ वर उचलतो. त्यात तुम्ही, इंजिन आणि टाकी, सगळं वजन मागे. पुढे माणसं बसली की थांबतं, यातच उत्तर आलं.

वळणावर इंजिन किंचाळतं म्हणजे पंखा पाण्याऐवजी हवा ओढतोय. पाय जास्त बाहेर असला की हे होतंच, पण इंजिन उंच बसलं असेल तरी होतं. होडी किनाऱ्यावर असताना तळाला सरळ पट्टी लावून मागे न्या. पंख्यावरची आडवी प्लेट तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली हवी. वर असेल तर तिथेच घोळ आहे.

खीळ एका वेळी एकच भोक हलवा, इंजिन बंद करून. मग त्याच पाण्यात, तेवढ्याच माणसांनिशी फेरी मारा, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही. होडी वेगात सपाट धावत असताना ती प्लेट पाण्याला समांतर दिसली की भोक बरोबर. आणि चाचणीला बंद करायच्या बटणाची दोरी मनगटाला बांधा. हँडल हातातून सुटलं तर होडी गोल फिरून तुमच्याच अंगावर येते.

उजवीकडे ओढण्याचं म्हणाल तर प्लेटखाली छोटा पाख असतो. त्याचं मागचं टोक किंचित उजवीकडे वळवा. हो, उजवीकडेच. बऱ्याच जणांना उलट वाटतं.

जुना तांडेल:
बरोबर सांगल्यान. पण बाबू, पयल्या भोकात घालू नको हां. समोरून लाट येता तेव्हा नाळ खाली बरी, होडी पाणी कापता. नदी-समुद्राच्या संगमावरसून आत येताना लाट पाठसून येता. तेव्हा नाळ खाली असली तर ती पाण्यात घुसता आणि होडी आडवी होता. हँडलच्या इंजिनाक वाटेत खीळ बदलूक गावना नाय, म्हणान मधला भोक बरा. बाकी वजन पुढे-मागे करून सांभाळायचा.

खाडीकर:
आज सकाळी केलं सगळं. प्लेट तळापेक्षा दोन बोटं वर निघाली! क्लॅम्पखाली मेकॅनिकने लाकडाचा तुकडा घातला होता, फळीला चट्टा पडू नये म्हणून. तो काढला, इंजिन खाली बसवलं, खीळ तिसऱ्या भोकात, टाकी मधल्या बाकाखाली. नळी थोडी लांब घ्यावी लागली.

दोघेच होतो, पूर्ण थ्रॉटल दिला, नाळ एकदाही आपटली नाही. वळणावर इंजिनाचा आवाज बदलला नाही. दुसरं भोकही करून बघितलं, पण तिथे नाळेवरून पाणी अंगावर येत होतं, म्हणून परत तिसरंच.

उजवीकडचं ओढणं मात्र अजून आहे. पाखाचा बोल्ट गंजून बसलाय, डिझेल लावून ठेवलंय. संध्याकाळी परत बघतो.