आधी टाळ, मग अर्थ

आजच्या मुलांना श्रद्धा, संयम सांगून पटत नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. नुसतं सांगून नाहीच पटणार! गीतेच्या ६व्या अध्यायात अर्जुनच म्हणतो, मन वाऱ्यासारखं आहे, आवरत नाही. कृष्ण त्याला रागावत नाही; अभ्यास (म्हणजे सततचा सराव) आणि वैराग्य हा उपाय देतो, आणि त्यातही अभ्यास आधी. वारकऱ्यांनी हे नेमकं ओळखलं. गळ्यात तुळशीची माळ आली की मांसाहार, दारू बंद. एकादशी, हरिपाठ, वारी सुरू. आमच्याकडची पोरं हरिपाठात आधी टाळ धरायला शिकतात. ठेका चुकला की शेजारचा नुसता डोळ्यानं खुणावतो, आणि पोरगं लगेच सावरतं. अभंगाचा अर्थ ती नंतर आपणहून विचारतात. माळेची सक्ती मात्र कुणावरही नको, अगदी वारकऱ्याच्या घरातसुद्धा.