प्रतिसाद: लपण बसण्याच्या जागेवर नको, वाटेवर हवं

सांबर दुपारी जिथं बसतं तिथंच समोर लपण बांधून फोटो काढावेत, हा सल्ला मला पटला नाही. एकदा तिथं माणसाचा वास राहिला की जनावर ती जागाच सोडतं. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला. लहानपणी म्हाताऱ्यांकडून माग काढायला शिकलो. त्यांच्या काळी ते बंदुकीसाठी होतं, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आता कॅमेऱ्यासाठी. कसब तेच.

बसण्याची जागा ओळखायची ती अशी: उतारावर, दाट झाडोऱ्यात पाचोळा लंबगोल दबलेला, त्यात खरखरीत केस, जवळपास लेंड्या. लेंडी ओली, चकचकीत असेल तर जागा वापरात आहे. हे भर दुपारी बघायला जाऊ नका, तेव्हा ते तिथंच असतं. रात्री चरायला बाहेर पडलं की जागा रिकामी, पण काळोखात तुम्हाला काय दिसणार? म्हणून मी लांबूनच दुर्बिणीनं उतार वाचतो आणि तिथून पाण्याकडे किंवा आवळ्याखाली उतरणारी वाट शोधतो. लपण त्या वाटेच्या कडेला, शंभरेक पावलं अलीकडे.

वाऱ्याचं मात्र सांभाळा. ऊन चढलं की घाटातला वारा वर जातो, सूर्य कलला की थंड हवा खाली व्हाळाकडे (ओढ्याकडे) येते. संध्याकाळी वरच्या अंगाला बसलात तर तुमचा वास थेट वाटेवर. मी असाच एकदा तीन तास जळवा पोसल्या आणि शेवटी सांबराची फक्त ‘ढॉंक’ अशी धोक्याची हाक ऐकून घरी आलो.

म्हादई किंवा मोले अभयारण्यात बसायचं असेल तर आधी वनखात्याची परवानगी काढा.