मालिकेत निवड झाली: परवानगी कोणाची, पैसे कुठे, आणि लीप आल्यावर (कथा काही वर्षं पुढे उडी मारते तेव्हा) पुढे काय?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. मुलगी ८ वर्षांची, तिसरीत, राज्य मंडळाची शाळा, राहणं नाशिकला. लुक टेस्ट आणि मॉक शूट (चाचणीचं शूट) होऊन एका मराठी मालिकेत नायिकेच्या मुलीच्या भूमिकेसाठी निवड झाली आहे. सेट ठाण्यात घोडबंदर रोडला, महिन्याला १५-१६ दिवस शूट. दर तोंडी ठरलाय, करार अजून हातात नाही. कोऑर्डिनेटर (कलाकार मिळवून देणारा मध्यस्थ) म्हणतो की परवानगी नाशिकच्या कलेक्टर कचेरीतून पालकांनी आणायची आणि "तासांचं काय ते सेटवर बघून घेऊ".

हे बरोबर आहे का? करारात काय पाहायचं? आणि मोठा प्रश्न असा की लहानपणी टीव्हीवर आलेली मुलं पुढे नट म्हणून टिकतात, ती कशामुळे? बरीचशी दोन वर्षांत गायब होतात असंच दिसतं.

सीनपेपर

कोऑर्डिनेटरच्या दोन्ही गोष्टी चूक आहेत.

परवानगी निर्मात्याने काढायची असते, पालकांनी नाही. आणि मूल जिथे राहतं त्या नव्हे, तर काम जिथे होणार त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडून. सेट घोडबंदरला म्हणजे ठाणे. गोरेगावच्या चित्रनगरीत दोन दिवस जरी शूट लागलं तरी मुंबई उपनगरची परवानगी वेगळी. नाशिकचा संबंध फक्त नाशिकमध्ये कॅमेरा लागला तरच. १९८६च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७ला नियम आले, त्यात हे स्पष्ट आहे. निर्माता 'फॉर्म सी'मध्ये हमीपत्र देतो. त्यात मुलांची यादी, पालकांची संमती आणि सेटवर मुलांची जबाबदारी कोणावर त्याचं नाव असतं. ते ६ महिने चालतं. ट्रॅक (कथेतला तिचा भाग) लांबला की पुन्हा काढावं लागतं आणि हेच नेमकं राहून जातं. प्रत मागून घ्या. "आहे, ऑफिसात आहे" म्हणजे नाही असं समजा.

तास: १४ वर्षांखालच्या मुलाला दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही, आणि सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. मालिकेची शिफ्ट १२ तासांची असते, घोळ तिथूनच सुरू होतो. मुलीला सकाळी ९चा कॉल देतात, तिचा पहिला सीन दुपारी ३ला लागतो, आणि हिशेब मांडताना "ती तर खेळत होती" म्हणतात. म्हणून करारात 'कॉल टाइम ते पॅकअप' असे शब्द घालून घ्या. नुसतं 'कामाचे तास' लिहिलं की मेकअप करून बसवून ठेवलेला वेळ कुणी धरत नाही. तिचे सीन लागोपाठ लावणं सहायक दिग्दर्शकाच्या हातात असतं आणि करारात असलं की तो ते करतो. पाच मुलांमागे निदान एक जबाबदार माणूस हवा, हाही नियमच आहे.

एक बारीकशी गोष्ट. शॉट चालू असताना आई-बाबांनी कॅमेऱ्यामागे उभं राहू नये. मूल संवाद संपला की नजर तिकडे टाकतं आणि क्लोज-अप वाया जातो. मॉनिटरपाशी बसा, दिसाल पण नजरेच्या रेषेत येणार नाही.

हिशेबनीस

पैशाचं सांगतो.

कमाईतले किमान २० टक्के मुलीच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जमा व्हायलाच हवेत, ते तिला १८ पूर्ण झाल्यावर मिळतात. ठेव थेट तिच्या नावाने व्हायची असते. बरेच पालक "आम्ही टाकू नंतर" म्हणून सगळी रक्कम आपल्या खात्यावर घेतात आणि ती किराण्यात जाते. आधी मुलीचं पॅन काढा (अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालच्या व्यक्तीच्या पॅनवर फोटो आणि सही नसते, घाबरू नका), पालक म्हणून तुमचं नाव असलेलं तिचं बँक खाते उघडा, आणि हे दोन्ही करारावर सही करण्याआधी.

टीव्हीत पेमेंट साधारण ९० दिवसांनी येतं. जूनमध्ये केलेल्या कामाचे पैसे सप्टेंबर-ऑक्टोबरला. तोवर ठाण्यातलं राहणं, रिक्षा, जेवण तुमच्या खिशातून, त्यामुळे तीन महिन्यांचा खर्च हाताशी हवा. निर्मात्याने राहण्याची सोय मान्य केली असेल तर 'मूल आणि एक पालक' असं लिहून घ्या.

कर: मुलांचं उत्पन्न एरवी आई-वडिलांच्या उत्पन्नात मिळवतात, पण मुलाने स्वतःच्या कला-कौशल्यावर मिळवलेलं मिळवत नाहीत. ते मुलीचंच, तिच्या नावाने विवरणपत्र पालक भरतात. मानधनातून १० टक्के टीडीएस कापला जातो, उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत असेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो. लोक इथे चुकतात ते व्याजात. त्याच पैशाच्या ठेवीवरचं व्याज मात्र आई किंवा वडील, ज्यांचं उत्पन्न जास्त त्यांच्यात धरलं जातं. ठेव मोठी झाली की दोन वर्षांनी नोटीस येते ती याचीच.

पंचवटीकर

रोज नाशिक-घोडबंदर करायचा विचार असेल तर सोडा. दीडशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे, कसारा घाटात ट्रक आडवा झाला की सगळंच गेलं. समृद्धीचा इगतपुरी-आमणे टप्पा २०२५च्या जूनमध्ये सुरू झाला, घाट वाचतो, पण आमण्याच्या पुढे भिवंडीची कोंडी आहेच. शूटचे दिवस ३-४च्या गटांनी लावून मागा आणि त्या दिवसांत तिथेच राहा.

(नाशिकला बालकलाकार काही नवे नाहीत. फाळक्यांच्या 'कालिया मर्दन'मध्ये, १९१९ साली, कृष्ण झाली होती त्यांची मुलगी मंदाकिनी. तिला शाळेचं काय विचारलं असेल देव जाणे.)

तालीममास्तर

तिसऱ्या प्रश्नावर लिहितो, कारण करार सगळे बघतात, हे कोणी बघत नाही.

मुलं 'गायब' होतात ती अभिनय येत नाही म्हणून नाही. १२ ते १७ या वयाला मालिकेत भूमिकाच जवळजवळ नसतात. लेखकाला हवं असतं एक तर गोड लहान मूल, नाहीतर लग्नाचं पात्र. मधलं वय 'लीप' घेऊन उडवून टाकतात. 'बालिका वधू' २००८ला सुरू झाली तेव्हा नायिका आनंदीच्या भूमिकेत होती अविका गोर. लीप आला आणि मोठी आनंदी प्रत्युषा बॅनर्जी झाली. मालिका गाजत असताना, कुणाचंही काही न चुकता. अविका पुढे २०११मध्ये 'ससुराल सिमर का'त लग्नाच्या वयाच्या भूमिकेत दिसली, तेव्हा तिचं स्वतःचं वय चौदाच्या आसपास. म्हणजे मधली पायरी गाळली. माझ्या मते हा रस्ता फार थोड्यांना झेपतो.

दुसरा रस्ता किंशुक वैद्यचा. 'शाका लाका बूम बूम'मधला पेन्सिलवाला संजू घराघरांत माहीत होता, त्यानंतर बरीच वर्षं पडद्यापासून लांब, आणि २०१६ला 'एक रिश्ता साझेदारी का'मध्ये तरुण नायक म्हणून परत. मधल्या काळात चेहरा बदलला, लोकांची 'तोच ना तो लहानगा' ही सवय मोडली. मला हा रस्ता जास्त शहाणपणाचा वाटतो.

तर लीप येणार हे धरूनच चाला. करारात दोन कलमं शोधा. एक, वाहिनीशी किंवा निर्मात्याशी एकनिष्ठ राहण्याचं. महिन्याला १५ दिवस काम देऊन वर्षभर दुसरीकडे बंदी घालतात, आणि पात्र संपल्यावरही बंदी चालू राहते अशी वाक्यं त्यात असतात. पात्र संपलं की त्याच दिवशी बंदी संपली पाहिजे. दोन, काढण्याची सूचना किती दिवसांची. निदान ३० दिवस मागा. मिळतीलच असं नाही.

आता कलेचं. मालिकेत मुलांना शॉटच्या आधी तुकड्या-तुकड्याने संवाद पुरवतात. "आई... तू... रडतेस का?" असं तीनदा म्हणून घेतलं की झाला शॉट. सीनचा कागद हातात येतो सकाळी, त्यामुळे सेटवाल्यांनाही दोष देता येत नाही. पण वर्षभर असं केलं की मुलाला सलग दोन पानांचा प्रवेश धरून ठेवता येत नाही, आणि मोठ्या माणसांनी शिकवलेला तो गोड सूर पंधराव्या वर्षीही सुटत नाही. त्यावर एकच उपाय माहीत आहे: नाटक. शूट नसलेल्या दिवसांत तिला बालनाट्याच्या तालमीला पाठवा, राज्य बालनाट्य स्पर्धेत उतरवा. नाशिकच्या सायखेडकर नाट्यगृहाच्या रंगमंचावर चाळीस मिनिटं कोणी प्रॉम्प्ट करत नाही. मुख्य भूमिका नको, गर्दीतलं काम मिळालं तरी चालेल. प्रत्येक नाटकाची पत्रिका, प्रमाणपत्र, फोटो फाइलला लावून ठेवा. पुढे राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला अर्ज करायचा झाला तर पदवीबरोबर निदान ६ नाटकांतल्या सहभागाचा पुरावा मागतात, तेव्हा लोक शोधाशोध करत बसतात.

शाळा सोडवू नका. आत्ता मुख्याध्यापकांना निर्मात्याच्या पत्रासह अर्ज द्या, शिक्षणात खंड पडू न देण्याची सोय करणं नियमाने निर्मात्यावरही आहे, सेटवर शिकवणीचे तास मागा. खरी अडचण दहावीला, ७५ टक्के हजेरीची. तोवर काम चालू राहिलंच तर १७ नंबरचा फॉर्म (खाजगी विद्यार्थी म्हणून परीक्षा) किंवा एनआयओएस (राष्ट्रीय मुक्त शाळा) आहे, पण ते तेव्हा बघा.

सीनपेपर

वरच्यात एक भर. १४ पूर्ण झाले की कायद्यात ती 'बालक' न राहता 'किशोर' होते. मग विश्रांती धरून ६ तास, आणि संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम नाही. निर्माते या वयाला "आता मोठी झाली" म्हणून सरळ नाइट शिफ्ट लावतात.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. फॉर्म सीची प्रत मागितली, कोऑर्डिनेटर आता निर्मितीच्या ऑफिसचा नंबर देतोय. अजून एक: वरचा पुढच्या दोघांशेजारचा दुधाचा दात हलतोय. पहिलं शूट दहा दिवसांवर. सांगायचं की गप्प बसायचं?

तालीममास्तर

आजच सांगा. एका सीनचे दोन भाग दोन वेगळ्या दिवशी शूट होतात, बँकेतले (आधीच शूट करून ठेवलेले) एपिसोड पुढे-मागे असतात, त्यामुळे दाराबाहेर दात आहे आणि दाराच्या आत नाही असं होतं आणि प्रेक्षक नेमकं तेच पकडतात. पहिल्या शूटच्या आधी पडला तर उत्तम, पात्रच तसं सुरू होईल. पण घरी दोरा बांधून ओढू नका. ट्रॅकच्या मध्ये पडला तर लेखक एक ओळ टाकून मोकळा होतो, हे सगळ्यात स्वस्त. दंतवैद्य काढता-घालता येणारा दात पट्टीवर बसवून देतात, पण सुरुवातीचे काही दिवस 'स' आणि 'श' बोबडे येतात, जेवताना काढावा लागतो आणि खालून नवा दात डोकावला की पट्टी बसत नाही, पुन्हा करावी लागते. मॉक शूटच्या फोटोत तो दात आहे का बघा. असेल तर पडेल त्या दिवशी तोंड उघडून समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढून सहायक दिग्दर्शकाला पाठवा, तारखेसकट.