महामार्गावरचं जुनं कॉफीचं हॉटेल नेमकं कुठे होतं? कसं शोधलंत ते सांगा

बोरीकाठ
फागणे-तरसोद चौपदरी झाल्यापासून धुळे-जळगाव रस्त्याने जाताना आपण कुठवर आलो तेच कळत नाही. पूर्वी मुकटी गेलं, पारोळा आलं, एरंडोल आलं असा हिशोब असायचा. आता बायपासवरून गावच दिसत नाही.

ह्याच रस्त्यावर (तेव्हाचा ६ नंबर, आताचा ५३) पारोळा-एरंडोलच्या मधे एक पत्र्याचं हॉटेल होतं. चहा काय, कुठेही मिळायचा. इथे कॉफी मिळायची, म्हशीच्या आटवलेल्या दुधाची, वर किसलेलं जायफळ. कपापेक्षा बशीच मोठी. सुरत-नागपूर ट्रकवाले खास थांबायचे. ती जागा शोधायची आहे. तुम्ही असं काही शोधलं असेल तर रीत सांगा. नुसतं ‘आमच्या लहानपणी लय भारी होतं’ नको.

जुना कंडक्टर
दळवेल सोडलं की एरंडोलकडे. तठेच व्हती भो हाटेल, मोरीना पुढे. एसटीवाल्याला किलोमीटर आठवत नाही, मोरी (रस्त्याखालचा छोटा पूल) आणि वळण आठवतं. हॉटेलच्या अंगणात विहीर होती, तिच्या पाण्यानेच ड्रायव्हर रेडिएटर भरायचे.

एक लक्षात ठेवा. लोकांना विचारलं की सगळे ‘डाव्या हाताला’ म्हणतात. धुळ्याकडून येताना की जळगावकडून, हे आधी विचारा, नाहीतर अख्खा दिवस रस्त्याच्या भलत्या बाजूला जाईल.

गटनंबर
विहीर होती म्हणता? मग काम सोपं आहे. चौपदरीकरणासाठी जमीन घेतात तेव्हा १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याखाली कलम ३ अ, ३ ड अशा अधिसूचना निघतात, त्यात जमिनींचे गट नंबर असतात. पुढे संयुक्त मोजणी होते. तिच्यात विहीर, झाडं, पत्र्याचं शेड, सगळं लिहिलेलं असतं, कारण त्याचा मोबदला द्यायचा असतो.

माझ्या मामांची खानावळ मी अशीच शोधली. आठवणी सगळ्यांच्या वेगवेगळ्या, पण मोजणीच्या कागदात ‘विहीर १, निंब ३, पत्रा शेड १’ असं एकाच गटात सापडलं. मात्र हॉटेल फार जुनं असेल तर घरच्या कागदावर सर्व्हे नंबर असेल, गट नंबर नाही. तेव्हा भूमी अभिलेख कार्यालयातून जमीन एकत्रीकरणाचा उतारा काढा, जुना-नवा नंबर त्यात जुळतो. साहेब जेवायला गेलेले असतील. बसून राहा.

सॅटेलाइटवाला
गूगल अर्थमध्ये जुन्या तारखांच्या चित्रांची पट्टी असते, ती मागे सरकवत जा. चौपदरीच्या आधीचा रस्ता दिसतो, त्याची रेघ आखून ठेवा आणि आजच्या चित्रावर टाका. काही ठिकाणी जुना रस्ता नव्याच्या बाजूला तुकड्या-तुकड्याने अजून शिल्लक आहे, बाभळीत लपलेला.

त्याहून मागे जायचं असेल तर अमेरिकेच्या कोरोना उपग्रहांचे १९६० ते १९७२ मधले फोटो आहेत. १९९५ मध्ये ते खुले झाले. रस्ता आणि मोठी झाडं ओळखू येतात. कॉफी दिसत नाही, क्षमस्व.

पारोळ्याची सून
माझ्या सासरी ह्या हॉटेलसमोरचा एक फोटो आहे. वऱ्हाडाची गाडी थांबलेली, नवरदेव मुंडावळ्यांसकट बशी तोंडाला लावून उभा. सगळे त्याच्याकडे बघून हसतात, पण कडेला मैलाचा दगड अर्धा दिसतो. त्यावर ‘एरंडोल’ आणि खाली ११.

बोरीकाठ
ताई, तुमचे उपकार! गावात येऊन ११ किलोमीटर मोजले, पण जुन्या रस्त्याने, एरंडोल गावातून. बायपासवरून मोजून उपयोग नव्हता, दगड बसवला तेव्हा बायपास कुठे होता? कंडक्टरदादांची मोरी तिथेच आहे, फक्त रुंद केलीय. विहिरीची जागा सर्व्हिस रोडच्या कडेला येते, ती बुजवलेली आहे. शेजारच्या शेतातल्या बाबांनी न विचारता हात करून दाखवलं, “हाटेल ना? आठेच.” बाजू? धुळ्याकडून येताना उजवी. गटनंबर, तुम्ही सांगितलेला मोजणीचा कागद काढतोय.

आग्रा रोड
आमच्याकडे बरं आहे, लळिंगचा किल्ला आहे. जुन्या फोटोत मागे किल्ला असेल तर आज तोच आकार दिसेपर्यंत रस्त्याने पुढे-मागे व्हायचं. पण गाडी सर्व्हिस रोडला लावा, हायवेवर उलटं चालू नका.

चाळीसगावकर
कन्नड घाटाच्या पायथ्याशी, चाळीसगावच्या बाजूला, बसमधून उतरून उलटी झालेल्यांना लिंबू-मीठ फुकट देणारं एक हॉटेल होतं. मालक स्वतः तांब्या घेऊन यायचा. फोटो नाही, दगड नाही, डोंगर चहूकडे सारखाच. तिथून जाणारं कोणी आहे का इथे?