मदत हवी आहे : बेल्जियमच्या जस्ताच्या नाण्यांवरची पांढरी भुकटी

नमस्कार मंडळी. जर्मन ताब्यातल्या बेल्जियमची जस्ताची नाणी आहेत : भोकाची २५ सेंटिम, १ फ्रँक आणि राजा लिओपोल्ड तिसऱ्याचा चेहरा असलेले ५ फ्रँक, १९४१ ते ४३. निकेल युद्धाला लागायचं म्हणून जस्त आलं, हे ठाऊकच आहे. मुक्काम रत्नागिरी, म्हणजे खारी हवा आलीच.

जुन्या पीव्हीसी पाकिटांतल्या नाण्यांवर, विशेषतः कडेला आणि अक्षरांच्या खाचांत, पांढरी भुकटी धरली आहे. खाली खड्डे दिसतात. चिंच, लिंबू, व्हिनेगर सुचवू नका. जस्त आम्लात विरघळतं आणि कॉस्टिक सोड्यासारख्या तीव्र अल्कलीतही, त्यामुळे राखाडी थर जाऊन उघडा, मेलेला पृष्ठभाग उरतो. पाण्यात भिजवणंही नको.

बेत असा : पाकिटाच्या पीव्हीसीचा चिकट अंश काढायला शुद्ध ॲसिटोनमध्ये काचेच्या वाटीत दहा मिनिटं (नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे, त्यात तेल आणि सुगंध असतो), मग भिंगाखाली बांबूच्या काडीने फक्त सुटी भुकटी काढायची. नंतर मायलर (पीव्हीसी नसलेली पॉलिएस्टर फिल्म) होल्डर, हवाबंद डबा, ओलावा शोषायला सिलिका जेल. लाकडी पेटी बाद, कारण लाकडातून ॲसिटिक आम्लाची वाफ सुटते.

अडचण पुढे आहे. मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा (धातूच्या वस्तू जपायला वापरतात ते पेट्रोलियमचं मेण) पातळ हात द्यावा का? खड्ड्यात खाऱ्या हवेतलं क्लोराइड (मिठाचा अंश) उरलं असेल तर मेणाखाली गंज चालूच राहील ना? कोकणात किंवा मुंबईत जस्ताची नाणी मेण लावून काही पावसाळे ठेवली असतील, तर निकाल सांगा. फोटो असतील तर फारच उत्तम, तिरप्या उजेडातले.