इंजेक्टर बदलण्याआधी डिझेल फिल्टर पाहावा
एक्सिलरेटर दाबताच आपली डिझेल गाडी क्षणभर अडखळते आणि मेकॅनिकने चारही इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे भाग) बदलायला सांगितले आहेत, असे आपण लिहिले आहे. एवढा खर्च करण्यापूर्वी डिझेल फिल्टर अवश्य तपासावा. यवतमाळकडे आमच्या गाडीचीही हीच तक्रार होती. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत डिझेल काढले, तेव्हा खाली बोटभर पाणी साचलेले दिसले, कारण पावसाळाभर आम्ही शेतावरच्या कॅनमधले डिझेल वापरत होतो. नवा फिल्टर बसवून, डिझेलच्या लाइनमधली हवा काढल्यावर गाडी पूर्ववत झाली. एअर फिल्टरही पाहावा. कापूस वेचणीच्या दिवसांत पांदण रस्त्याची धूळ त्यात घट्ट बसते. टर्बोचा, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या भागाचा, रबरी पाइपही पाहावा; त्याला चीर असल्यास तिथे बहुधा तेलकट डाग दिसतो.