विंडोज टाकताना दर वेळी वेगळ्याच टप्प्यावर निळी स्क्रीन

प्रश्न: पीसी स्वतः जोडलाय. विंडोज ११ टाकताना कधी ३० टक्क्यांवर, कधी ७० वर निळी स्क्रीन. पेनड्राइव्ह बदलला, एसएसडी बदलली, फरक शून्य. रॅम डीडीआर४, ८ जीबीच्या दोन पट्ट्या, एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवायची सेटिंग) ३६०० वर. आता काय तपासू?

उत्तर: जागा बदलतेय ना, मग माझा पहिला संशय रॅमवर. पेनड्राइव्हवरची फाइल खराब असती तर बहुतेक एकाच ठिकाणी अडकलं असतं. बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी बंद करा, ते ओव्हरक्लॉकिंगच आहे, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं. मग मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवा. एक जरी एरर आली तरी चालवून घेऊ नका. विंडोज कसंबसं बसेलही, पण पुढे तुमच्या फाइली गुपचूप खराब होत राहतील, आणि ते फार वाईट.

दुसरं उत्तर: एरर आल्या तर एकेक पट्टी एकाच स्लॉटमध्ये लावून बघा. दोन्हींवर आल्या तर स्लॉट बदला.

प्रश्नकर्ता: सापडलं! एक्सएमपी बंद असूनही एक पट्टी कुठल्याही स्लॉटमध्ये एरर देते. दुसरी स्वच्छ. तिच्यावर विंडोज सुरळीत बसलं. मनापासून आभार.

पहिलं उत्तर देणारा: वॉरंटीला पाठवताना पट्ट्या जोडी म्हणून एकत्र घेतलेल्या असतील तर दोन्ही पट्ट्या मागतात, आधी विचारून घ्या.